सगळे अडथळे संपल्यावर ती ‘नाही’ का म्हणते?

१६७८ साली पॅरिसमधल्या ‘मेर्क्यूर गालाँ’ या मासिकाने वाचकांपुढे एक प्रश्न टाकला. एक सुशील बाई आहे. नवऱ्याबद्दल तिला मनापासून आदर आहे, पण मन दुसऱ्याच पुरुषावर जडलंय. ती स्वतःला आवरते आहे, काही वावगं घडलेलं नाही. अशा वेळी तिने हे नवऱ्याला सांगून टाकावं की गिळून गप्प बसावं? उत्तरं आली, छापली गेली, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: चुकूनही सांगू नये.

हा प्रश्न एका नव्या कादंबरीतून उचललेला होता. ‘ला प्रँसेस द क्लेव्ह’, म्हणजे क्लेव्हची प्रिन्सेस. त्याच वर्षी मार्च महिन्यात पॅरिसच्या क्लोद बार्बां या प्रकाशकाने ती चार छोट्या भागांत काढली होती. लेखकाचं नाव कुठेच नव्हतं. (आपल्याकडे रायगडावरच्या राज्याभिषेकाला तेव्हा चार वर्षं झाली होती, काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.) फ्रेंच साहित्यात मनाचा तळ ढवळून पाहणाऱ्या कादंबऱ्यांची जी मोठी परंपरा आहे, तिची सुरुवात बहुतेक अभ्यासक या पुस्तकापासून धरतात.

लिहिणारी होती मादाम द ला फायेत. जन्म १६३४, पॅरिसचा. १६५५ मध्ये लग्न झालं ते वयाने बरंच मोठं असलेल्या एका काउंटशी. त्याच्या जमिनी ओव्हेर्न्य या दूरच्या प्रांतात. दोन मुलं झाली आणि काही वर्षांनी बाई पॅरिसला परतल्या. नवरा गावाकडे, त्या शहरात. भांडण नाही, तमाशा नाही. दरबार त्यांनी आतून पाहिलेला होता, कारण चौदाव्या लुईच्या भावजयीशी त्यांची घट्ट मैत्री होती. माणसाच्या चांगुलपणाची साल सोलून आतला स्वार्थ दाखवणारी वचनं लिहिणारे ला रोशफुको तर त्यांच्याकडे रोजचेच. पुस्तक गाजल्यावर एका पत्रात त्यांनी आपण ते लिहिल्याचं साफ नाकारलं आणि त्याच पत्रात पुस्तकाची तारीफही केली: ही कादंबरी नव्हेच, दरबाराचं हुबेहूब चित्र आहे! उच्चकुलीन बाईने कादंबरी लिहून नाव छापणं शोभण्यासारखं नव्हतं, हे नकारामागचं साधं कारण.

आता गोष्ट. काळ मात्र लेखिकेच्या सव्वाशे वर्षं आधीचा, १५५८-५९ मधला, राजा दुसरा आंरी याच्या अखेरच्या दिवसांचा. राजा चाळिशीचा, आणि त्याची प्रेमपात्र दियान द प्वातिए साठीला टेकलेली. राणी कातरीन द मेदिची हे सगळं शांतपणे पाहते आहे. युवराजाची बायको म्हणजे स्कॉटलंडची मेरी स्ट्युअर्ट, अजून पोरसवदा, चौकस, तोंडात तीळ न भिजणारी. हे सारे इतिहासातले खरे लोक आहेत, आणि त्यांच्या मधोमध लेखिकेने एक कल्पित मुलगी उभी केली आहे.

या दरबारात प्रेम ही खाजगी बाब नाही, एवढी एक गोष्ट नीट कळली की निम्मी कादंबरी कळते. गीझ घराणं एका बाजूला, मोंमोरांसी दुसऱ्या; काही जण राणीचे, काही दियानचे. कोण कोणाच्या प्रेमात यावरून कोणाला पद मिळणार ते ठरतं, आणि कोण कोणाच्या पक्षात यावरून कोणी कोणावर प्रेम करायचं ते. मुलीच्या लग्नाचंच घ्या. तिचा काका व्हिदाम द शार्त्र याचं दियानशी वाकडं आहे. तेवढ्यामुळे चांगली चांगली स्थळं एकेक करून मोडतात. मुलीत खोट काढायला जागा नाही. तरी एकाचा मोठा भाऊ आडवा येतो, एकाचा बाप, एकदा तर दियानच्या सांगण्यावरून खुद्द राजा. लग्न म्हणजे पक्ष बदलणं, आणि ते कोणालाच परवडत नाही.

मुलगी सोळा वर्षांची. कादंबरीभर तिला स्वतःचं असं पहिलं नाव नाही. आधी ती शार्त्रची मुलगी, मग क्लेव्हची बायको. तिची आई मादाम द शार्त्र विधवा आहे आणि जरा वेगळ्या वळणाची आहे. बाकीच्या आया मुलींसमोर प्रेमाचा विषयही काढत नाहीत, म्हणजे मुली बिघडणार नाहीत. ही मात्र सगळं सांगते: प्रेम किती गोड असतं तेही, आणि पुरुष किती अप्रामाणिक असतात तेही. दरबाराबद्दल तिचा सल्ला असा की इथे दिसण्यावरून निवाडा केलास तर पदोपदी फसशील. जे दिसतं ते जवळजवळ कधीच खरं नसतं.

क्लेव्हचा प्रिन्स या मुलीला पहिल्यांदा पाहतो ते एका इटालियन जवाहिऱ्याच्या दुकानात. तिथेच तो घायाळ होतो. बापाच्या मृत्यूनंतर त्याला अडवणारं कोणी राहत नाही आणि लग्न होतं. माणूस गुणी, सभ्य, खरा. मुलीला त्याच्याबद्दल आदर आहे, पण बाकी काही नाही. आणि त्याला ते लग्नाआधीच कळलेलं आहे. माझ्या येण्याने तुला आनंद होत नाही, हुरहुरही नाही, अशी त्याची तक्रार असते, आणि ती बिचारी चक्रावते. हा कशाबद्दल बोलतोय हेच तिला उमगत नाही, कारण तिने ते कधी अनुभवलेलंच नाही. इथे लेखिका जाता जाता एक वाक्य टाकते, त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी: नवरा झाल्यावरही तो तिचा प्रियकरच राहिला, कारण ती मिळाल्यानंतरही काही मिळायचं शिल्लक होतं. पुढच्या दीडदोनशे पानांची किल्ली या वाक्यात आहे.

मग लुव्रच्या राजवाड्यात नाच असतो. मादाम द क्लेव्ह एक नाच संपवून जोडीदार शोधते आहे, तेवढ्यात राजा हाक मारून सांगतो की आत्ता जो आत येतोय त्याच्याबरोबर नाच. मागे वळते तर एक पुरुष खुर्च्या ओलांडून तिच्याकडे येतोय. हा ड्यूक द नमूर, दरबारातला सगळ्यात देखणा माणूस, ज्याच्या मागे बायकांची रांग आहे आणि ज्याचं नाव इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीशी लग्नासाठी घेतलं जातंय. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. सगळा दरबार बघतोय, आणि दोघं नाचताहेत. त्यांचं प्रेम पहिल्या क्षणापासून भर दिव्यांत, शेकडो डोळ्यांसमोर सुरू होतं. कादंबरी संपेपर्यंत ते डोळे हटत नाहीत.

यानंतर जे घडतं ते एका ओळीत सांगितलं तर काहीच नाही: दोघांत चोरटी भेट नाही, स्पर्श नाही, पत्र नाही. तरीही वाचताना श्वास अडकतो, कारण सगळा व्यवहार खुणांचा आहे. प्रेयसी नाचाला जाते याचा प्रियकराला त्रास होतो, असं नमूर म्हणाल्याचं तिच्या कानावर येतं. त्यानंतर ज्या नाचाला नमूर नसणार तिथे ती आजारपणाचं सोंग करून जात नाही. तिला वाटतं हे कोणाच्या लक्षात येणार नाही. आईच्या येतं. नमूरच्याही येतं. पुढे एका गर्दीच्या खोलीत नमूर तिचं छोटं चित्र टेबलावरून हळूच उचलतो. ती पाहते. तिने पाहिलं हे तोही पाहतो. आरडाओरडा केला तर त्याचं प्रेम चव्हाट्यावर येईल, गप्प बसली तर त्याला मूक संमती मिळेल. ती गप्प बसते. चाळीच्या गॅलरीत कोणाची पावलं कोणाच्या दाराशी रेंगाळली हे सगळ्यांना ठाऊक असतं, तसाच हा दरबार. फक्त इथे त्या माहितीवर माणसांची आयुष्यं उभी राहतात आणि कोसळतात.

चित्राच्या प्रसंगाआधीच आई तापाने गेलेली असते. मरताना तिने लेकीला स्पष्ट सांगितलेलं असतं: नमूरकडे तुझा ओढा आहे हे मला केव्हाच कळलंय, तू कड्याच्या टोकावर उभी आहेस, नवऱ्याला भाग पाड आणि दरबारापासून लांब जा. मग ती कूस वळवते आणि उरलेल्या दोन दिवसांत लेकीला पुन्हा भेटत नाही. मला हा प्रसंग क्रूर वाटतो. शिकवण चांगली असेल, पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला पुढच्या साऱ्या आयुष्याची धास्ती देऊन ही बाई जाते.

मत्सर काय असतो तेही तिला लवकरच कळतं. एक प्रेमपत्र सापडतं, नमूरच्या खिशातून पडलं म्हणून सांगितलं जातं, आणि रात्रभर तिची आग आग होते. सकाळी उलगडा होतो की ते काकाचं आहे. राणीने ते पाहायला मागितलेलं असतं आणि मूळ पत्र तर हातातून गेलेलं, म्हणून ते आठवून पुन्हा लिहिण्याचं काम नमूर आणि तिच्यावर येतं, नवऱ्याच्या उपस्थितीत. पत्र काही धड जमत नाही, पण दुपार मात्र सुखाची जाते. संबंध कादंबरीत तिच्या वाट्याला आलेला निर्भेळ आनंद एवढाच. नंतर शुद्धीवर आल्यावर तिला धक्का बसतो तो वेगळाच: काल रात्रीची ती वेदना गेली कुठे? एका खोट्या संशयाने माझी ही दशा केली; खरा संशय काय करील?

आता ती प्रसिद्ध कबुली. कुलोमिए इथल्या आपल्या वाड्यात ती जाऊन राहिली आहे आणि दरबारात परत यायला तयार नाही. नवरा खोदून विचारतो. शेवटी ती त्याच्या पायाशी बसून सांगते की आजवर कोणत्याही बायकोने नवऱ्याला दिली नसेल अशी कबुली मी देते आहे: दरबारापासून लांब राहायला माझ्याकडे कारण आहे. पाऊल घसरलेलं नाही, पण मला सांभाळा. नाव मात्र ती सांगत नाही.

ती हे का करते? एक कारण पुस्तकातच पेरलेलं आहे. मागे एकदा क्लेव्हने एका मित्राची हकीकत सांगताना बोलून टाकलेलं असतं की माझ्या प्रेयसीने, अगदी बायकोनेसुद्धा, दुसरा कोणी आवडतो असं मला कबूल केलं तर मला दुःख होईल, पण कडवटपणा येणार नाही. मी नवऱ्याची भूमिका सोडून तिला सल्ला देईन. तिने ते खरं मानलं. माणसं स्वतःबद्दल अशी मोठमोठी वाक्यं बोलतात, तेव्हा ती खोटं बोलत नसतात. त्यांनी स्वतःला अजून त्या जागी पाहिलेलं नसतं, इतकंच.

आणि तिचा नेम इथेच चुकतो. सत्य सांगितलं की प्रश्न सुटेल, असं तिला वाटतं. पण अर्धवट सत्य कळलेल्या माणसाला उरलेलं अर्धं झोपू देत नाही. क्लेव्ह नावांची यादी काढतो आणि एक युक्ती करतो: स्पेनच्या प्रवासात आपल्याबरोबर नमूर येणार आहे, असं खोटंच सांगून तिचा चेहरा वाचतो. त्याला नाव मिळतं. शिवाय कबुलीच्या वेळी नमूर स्वतःच शेजारच्या दालनात लपून सगळं ऐकत होता! हा योगायोग फारच सोयीचा आहे अशी टीका व्हालँकूर नावाच्या तरुणाने त्याच वर्षी अख्खं पुस्तक लिहून केली, आणि ती मला पटते. पण त्या योगायोगातून जे निघतं ते अस्सल आहे. नमूरला आनंद पोटात मावत नाही. एका मित्राची गोष्ट म्हणून तो ती व्हिदामला सांगतो, व्हिदाम त्याच्या प्रेयसीला, ती मेरी स्ट्युअर्टला, आणि मेरी खुद्द मादाम द क्लेव्हला, मजेमजेत, नमूर समोर असताना. त्या रात्री नवरा-बायको एकमेकांसमोर बसतात. त्याला वाटतं तिने कोणाजवळ तरी बोलून दाखवलं. तिला वाटतं त्याने. दोघंही निर्दोष, आणि दोघांचा एकमेकांवरचा विश्वास त्या रात्री तुटतो.

राजा मरतो तो इतिहासातला प्रसंग लेखिका चटकन उरकते. १५५९ च्या जून अखेरीस द्वंद्वाच्या खेळात मोंगोमेरी या सरदाराच्या भाल्याची कपची डोळ्यात घुसते, दहा दिवसांत सगळं खलास. दियान हद्दपार, कातरीनचे दिवस सुरू. ज्यांनी दियानच्या मर्जीवर वीस वर्षं आयुष्य बांधलं, ते एका रात्रीत कोणीच उरत नाहीत.

शेवटचा घाव कुलोमिएच्या बागेत बसतो. रात्रीची वेळ. मादाम द क्लेव्ह एकटी, समोर एक चित्र आहे ज्यात नमूर रंगवलेला आहे, आणि हातात त्याची एक काठी, जिच्यावर ती त्याच्या रंगांच्या फिती गुंडाळते आहे. बाहेर अंधारात नमूर तिला बघतोय. त्याच्यामागे क्लेव्हने पाठवलेला माणूस नमूरला बघतोय. तो माणूस जाऊन सांगतो की ड्यूक दोन रात्री बागेत शिरला. आत काय झालं ते त्याने पाहिलेलं नाही. क्लेव्ह उरलेलं स्वतः भरून काढतो आणि खाटेला खिळतो. मरता मरता तो म्हणतो ते वाक्य जीवघेणं आहे: इतके नवरे ज्या सुखाच्या आंधळेपणात जगतात, त्यातच मला का राहू दिलं नाहीस? काही घडलं नव्हतं हे ती त्याला पटवते, तो बराचसा मानतोही, पण तोवर उशीर झालेला असतो.

आता ती विधवा आहे, श्रीमंत आहे, कोणाला उत्तर द्यायची गरज नाही. नमूर अजून तिच्यावर प्रेम करतो. काकाला हे लग्न हवंय. समाजाची आडकाठी नाही. एका भेटीत ती नमूरला पहिल्यांदा आणि शेवटचं, पडदा न ठेवता सांगते: होय, माझं तुमच्यावर प्रेम आहे. आणि मी तुमच्याशी लग्न करणार नाही.

आजचा वाचक इथे वैतागतो. मग बहुतेक जण ‘कर्तव्य’ किंवा ‘त्या काळची नीती’ असं म्हणून मोकळे होतात. पण तिचं बोलणं नीट ऐकलं तर ते उत्तर अर्धंच आहे. पहिलं कारण ती देते ते नवऱ्याचं: तुमच्यामुळे तो गेला, आणि माझ्या लेखी ते तुम्ही त्याला मारल्यासारखंच आहे. पण एवढं कारण काळाने बोथट झालं असतं, हे तिलाही माहीत आहे. म्हणून ती दुसरं सांगते, आणि ते थंड डोक्याने केलेलं गणित आहे. लग्न झाल्यावर तुमचं प्रेम टिकेल का? पुरुष कायमच्या बंधनात प्रेम जपतात का? क्लेव्ह हा बहुधा जगातला एकमेव माणूस होता ज्याने लग्नानंतरही प्रेम जपलं. पण ते टिकलं ते कदाचित माझ्याकडून त्याला प्रेम मिळालं नाही म्हणूनच. तुमचंही तसंच असेल. अडथळ्यांनी तुम्हाला टिकवून धरलं. अडथळे संपले की तुम्ही दुसरीकडे वळाल, आणि मग मला मत्सराने जळत बसावं लागेल. नवऱ्याने दुसरीवर प्रेम केलं तर त्याला जाब तरी काय विचारायचा?

रेघ मारून ठेवलेलं ते वाक्य आठवा. लेखिकेने निवेदनात जे सांगितलं होतं, तेच नायिका आता स्वतःच्या अनुभवातून शोधून काढते. जुन्या पत्राने एका रात्रीत दाखवलेली आग, आईची शिकवण, दरबारात ऐकलेल्या इतर बायकांच्या हकीकती, हे सारं तिने जमा करून ठेवलं होतं. तिच्या नकारात धर्म अगदी थोडा आहे. तिला मनाची शांतता हवी आहे आणि ती शांतता या माणसाबरोबर मिळणार नाही, असं तिने ठरवलं आहे. इतिहास तिच्या बाजूने आहे हे गमतीचं: खऱ्या नमूरवर फ्राँस्वाज द रोहां या सरदारकन्येला लग्नाचं वचन देऊन मोडल्याचा दावा वर्षानुवर्षं चालला होता, आणि पुढे त्याने ड्यूक द गीझच्या विधवेशी लग्न केलं.

ती पिरेनीज डोंगरांच्या बाजूला आपल्या जमिनीवर जाते, आजारातून उठते, मग वर्षाचे काही महिने मठात आणि उरलेले घरी घालवते. थोडंसंच जगते. नमूरचं प्रेम? लेखिका एका वाक्यात सांगते की काही वर्षांनी काळाने आणि विरहाने ते विझवलं. यावरून तिचं गणित बरोबर होतं असं म्हणायचं, की नकारानेच ते खरं ठरवलं, यावर वाचक अजून भांडतात. तिला भित्री म्हणणारे आहेत, आणि प्रेम असताना ‘नाही’ म्हणणारी पहिली मोकळी बाई म्हणणारेही. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, तरी तिची भीती आईने घडवलेली आहे हा संशय माझ्या मनातून जात नाही.

फ्रान्समध्ये हे पुस्तक एकदा थेट राजकारणात उतरलं. २००६ मध्ये, तेव्हाचे गृहमंत्री आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झालेले निकोला सार्कोझी एका भाषणात म्हणाले की प्रशासकीय परीक्षेच्या अभ्यासक्रमात हे पुस्तक घालणारा एक तर छळवादी असला पाहिजे नाहीतर मूर्ख; सरकारी कचेरीत काउंटरच्या खिडकीवर बसलेल्या बाईला तुम्ही कधी या कादंबरीबद्दल विचारलंय का? २००९ मध्ये विद्यापीठांतलं आंदोलन पेटलं तेव्हा प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी पॅरिसच्या पाँतेओं या स्मारकासमोर, रस्त्यावर, हे पुस्तक पाळीपाळीने मोठ्याने वाचलं. ‘मी प्रँसेस द क्लेव्ह वाचतो’ असे बिल्ले लोकांनी छातीवर लावले, आणि खप वाढला. खिडकीवरच्या बाईला या कादंबरीत रस नसेल असं धरून चालण्यातला तुच्छपणा लोकांना झोंबला होता.

वाचायला घ्यायचं असेल तर एक सूचना. पहिली वीस-पंचवीस पानं नावांच्या गर्दीत गुदमरायला होतं: कोण कोणाचा भाऊ, कोणाचं कोणाशी वैर. अनेक जण तिथेच पुस्तक खाली ठेवतात. नावं पाठ करू नका, जवाहिऱ्याच्या दुकानापर्यंत नुसते वाहत जा. मध्ये चार उपकथा येतात: दियानची, मादाम द तूर्नोंची, इंग्लंडच्या अॅन बोलिनची आणि काकाच्या पत्राची. त्या टाळाव्याशा वाटतील, पण तूर्नोंची मात्र सोडू नका. बायकोच्या कबुलीबद्दलचं ते घातकी वाक्य क्लेव्ह तिथेच बोलतो.